पाणी आलं कुठनं, ते आधी सांगा

वाचकांचे प्रश्न: घराचा विमा, पाण्याचं नुकसान आणि नाकारलेले क्लेम

मागच्या अंकात घराच्या विम्यावर चार ओळी लिहिल्या आणि खाली 'क्लेम नाकारला असेल तर कळवा' एवढंच टाकलं, तर पत्रं आणि व्हॉट्सॲप इतके आले की बाकीचे विषय बाजूला ठेवावे लागले. त्यातले बरेचसे पाण्याचेच. पाण्यासाठी बोंबलणाऱ्या आपल्या सोलापुरातनं पाण्यानं घर बिघडल्याची पत्रं यावीत याचं बाहेरच्याला नवल वाटेल, पण सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं काय केलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना नाही वाटणार.

आधी सगळ्यांना लागू पडणारं सांगून टाकते, म्हणजे प्रत्येक उत्तरात तेच दळण नको. १ एप्रिल २०२१ पासून आग वगैरेचा विमा विकणाऱ्या सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरलेल्या मजकुराची घराची पॉलिसी ठेवावीच लागते, त्यामुळं कंपनी कुठली का असेना, या पॉलिसीची मूळ कलमं तीच असतात. त्यात पूर, वादळ, पाणी साचून घरात शिरणं हे आहे, आणि पाण्याची टाकी, पाइप फुटले किंवा ओसंडून वाहिले तर त्यानं झालेलं नुकसानही आहे. नाही ते काय, तर हळूहळू मुरलेली ओल, झीज, बांधकामातला मूळचा दोष आणि मुद्दाम केलेली गोष्ट. म्हणजे भिंत तीच, पाणी तेच, पण ते एका रात्रीत आलं की वर्षभर झिरपत होतं यावर पैसे मिळणार की नाही ते ठरतं. लोक मात्र भांडतात रकमेवर, लाखाचं झालं, दीड लाखाचं झालं, आणि कंपनीचं पत्र नीट वाचलं तर कंपनी रकमेबद्दल चकार शब्द काढत नाहीये, ती म्हणतीये हे पाणी आमच्या यादीतलं नाही. उत्तर द्यायचं ते तिथं.

प्रश्न: ताई, आम्ही जुळे सोलापुरात रो हाउसमध्ये राहतो. पाणी चार-पाच दिवसाआड येतंय आणि ते पण कधी रात्री दोनला तर कधी पहाटे, म्हणून बाथरूमच्या माळ्यावर पाचशे लिटरची टाकी बसवलीय, टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉलकॉक आहे त्यामुळं तिचा कॉक आम्ही उघडाच ठेवतो. त्या दिवशी बार्शीला लग्नाला गेलो होतो, रात्री पाणी आलं, बॉलकॉक अडकला आणि टाकी रात्रभर वाहिली. हॉलचं पीओपी खाली आलं, दोन कपाटं फुगली, किचनच्या ट्रॉल्या गेल्या. कंपनीनं नुकसान बघायला पाठवलेला सर्व्हेयर येऊन फोटो काढून गेला आणि नंतर पत्र आलं की 'सीपेज आणि ग्रॅज्युअल डिटेरिओरेशन'मुळं, म्हणजे मुरलेली ओल आणि हळूहळू झालेली झीज म्हणून, क्लेम मान्य नाही. फोन केला तर म्हणतात नळ चालू ठेवून गावाला गेला म्हणजे तुमचाच निष्काळजीपणा. आता गप्प बसायचं का?

उत्तर: अजिबात नाही. मी बरीच वर्षं क्लेमच्या टेबलावर बसलेय आणि तुमचा क्लेम मला लढण्यासारखा दिसतोय.

पहिलं म्हणजे पत्रातलं कारण आणि फोनवरचं कारण वेगळं आहे हे तुमच्या लक्षात आलंय का? फोनवरचं सोडून द्या. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या निकालात सांगितलंय की कंपनीनं नकाराच्या पत्रात जे कारण दिलं नाही ते नंतर पुढं करून नकार टिकवता येत नाही. म्हणून फोनवर निष्काळजीपणाचा वाद घालत बसू नका, एक ईमेल टाका की 'तुमच्या पत्रात फक्त सीपेज हे कारण आहे, दुसरं कुठलं असेल तर कलम नंबरासकट लेखी कळवा'. बस. आणि समजा उद्या त्यांनी ते लेखी दिलंच, तरी पॉलिसीत वगळलंय ते जाणूनबुजून केलेलं किंवा जाणूनबुजून न केलेलं. बॉलकॉकच्या भरवशावर कॉक उघडा ठेवणं हे जाणूनबुजून घर बुडवणं नाही, आपल्याकडं निम्मं गाव तसंच पाणी भरतं, नाहीतर रात्री दोनला उठून कोण बसणार.

आता सीपेजचं. तुम्ही लिहिलं नाहीये पण मला शंका येतीये ती अशी, की बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर आधीपासनं थोडी ओल असणार, पिवळट डाग, खार फुटलेला, रंगाचे पापुद्रे, आणि सर्व्हेयरनं नेमका त्याचाच फोटो जवळनं काढला. असं असेल तर लपवू नका. उलट तुम्हीच लिहून द्या की त्या भिंतीचा कोपरा जुना आहे, त्याचे पैसे आम्ही मागत नाही, आमचा क्लेम हॉलचं पीओपी, कपाटं आणि ट्रॉल्या एवढ्याचाच आहे. जुनं आपणहून बाजूला काढलं की नवीन ठळक दिसतं, आणि समोरच्याला 'हे सगळंच जुनं' म्हणायला जागा राहत नाही.

नवीन आणि जुन्यातला फरक डोळ्यांना दिसतो. मुरलेली ओल गोल गोल कड्यांनी वाढते, कडेला तपकिरी रेघ असते, काळी बुरशी धरते. एका रात्रीत पाणी वाहिलं तर पीओपी भिजून जड होतं आणि पत्र्यासारखं सपाट खाली येतं, प्लायवूड खालनं चार-सहा इंच सगळीकडं सारखं फुगतं, कारण पाणी फरशीवर सारखं पसरलेलं असतं. तुमच्या कपाटांचे पाय बघा, ट्रॉलीच्या फळीची खालची कड बघा, मोजपट्टी लावून फोटो काढा. मग मोबाइलमध्ये जुने फोटो शोधा, गौरी-गणपती, हळदीकुंकू, पोराचा वाढदिवस, ज्यात मागं हॉलचं छत आणि ती कपाटं कोरडी दिसतायत. तारखेसकट असा एक फोटो सर्व्हेयरच्या दोन पानांना भारी पडतो.

तो बॉलकॉक भंगारात टाकला नसेल अशी आशा आहे. नसेल टाकला तर पिशवीत घालून ठेवा, आणि ज्या प्लंबरनं बदलला त्याच्याकडनं साध्या कागदावर लिहून घ्या, तारीख, काय बिघडलं होतं, टाकी कुठनं वाहिली. दाराखालनं पाणी येताना बघितलेल्या शेजाऱ्याची सही घ्या. त्या रात्री तुमच्या भागाला पाणी सुटलं होतं हे झोन ऑफिसमधनं कळू शकतं, तेही लिहून घेता आलं तर सोन्याहून पिवळं. बॉलकॉकचे पैसे मात्र मागू नका, तो झिजूनच गेला असणार, तो वगळलेलाच.

सर्व्हे रिपोर्टची कॉपी लेखी मागा, तो तुम्हाला मिळायला पाहिजे. त्यात नुकसानीचं कारण म्हणून काय लिहिलंय तेवढा एक परिच्छेद वाचा, आकड्यांचं नंतर. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानाचं पत्र, टाकी ओसंडून वाहिल्याचं कलम कुठलं ते लिहून, पुराव्यांची यादी जोडून. त्यांनी १४ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. 'मी गरीब माणूस आहे, हप्ते वेळेवर भरले' असलं त्यात लिहू नका, त्यानं कागद नुसता लांब होतो.

प्रश्न: होटगी रोडला आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. दर पावसाळ्यात टेरेसमधनं गळतंय, यंदा बेडरूमचं प्लास्टरच पडलं. इन्शुरन्सवाले म्हणतात मिळणार नाही. यांच्यावर केस करायची का?

उत्तर: नका करू. इथं कंपनीचं बरोबर आहे. 'दर पावसाळ्यात' हे दोन शब्द तुम्हीच लिहिलेत ना, तिथंच क्लेम संपला.

तुमचं भांडण सोसायटीशी आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींमध्ये साफ लिहिलंय की पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपची गळती, आणि टेरेस गळाल्यामुळं वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत नि प्लास्टर खराब झालं तर ते सोसायटीनं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं. फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकच्या गळतीचा खर्च ज्याचा त्यानं. तेव्हा सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोसायटी रजिस्टर नसून अपार्टमेंट असेल तरी गच्ची सगळ्यांचीच असते, खर्च सगळ्यांचाच.

एक वेगळी गोष्ट मात्र सांगते. ढगफुटीसारखा पाऊस झाला, गच्चीवर गुडघाभर पाणी तुंबलं आणि जिन्याच्या दारातनं ते घरात घुसलं, तर ती गळती नव्हे, ते पाणी साचून आत शिरणं आहे. जे. के. सिमेंटच्या २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं पुराच्या कलमाचा अर्थ नदीच्या पुरापुरता घेतला नाही, मुसळधार पावसाचं साचलेलं पाणीही त्यात धरलं. तुमच्याकडं तसं झालेलं नाही, पण वाचणाऱ्यांत कुणाकडं झालं असेल.

प्रश्न: मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला आमचं गाव हाय. सप्टेंबरच्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं, आम्ही शाळेत मुक्कामाला. बँकेचं लोन काढून घर बांधलेलं, त्याला इन्शुरन्स हाय हे आम्हाला दिवाळीनंतर बँकेत गेल्यावर कळलं. लगेच अर्ज दिला. आता कंपनी म्हणती उशीर केला आणि सामानाची बिलं नाहीत. बिलं काय, पेटीसकट वाहून गेली की हो. मॅडम, काय होईल का?

उत्तर: दादा, होईल, पण थोडं चिकटून राहायला लागेल.

सगळ्यात आधी बँकेतनं पॉलिसीचा पूर्ण कागद मागून घ्या, नुसतं सर्टिफिकेट नको. कारण लोनबरोबर दोन वेगवेगळे विमे गळ्यात घालतात, एक कर्जदाराच्या जिवाचा आणि एक घराचा, आणि बऱ्याच जणांकडं फक्त जिवाचाच निघतो. तुमचा क्लेम कंपनीनं उशिरावरनं नाकारलाय म्हणजे घराचा आहे असं दिसतंय, तरी खात्री करा. त्यात सामान धरलंय का तेही बघा. भारत गृह रक्षामध्ये घराचा विमा असला की सामानाला आपोआप घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत संरक्षण असतं. आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, त्यामुळं घराचे पैसे आधी बँकेकडं जाऊ शकतात, तेव्हा मॅनेजरशी आधीच बोलून ठेवा की दुरुस्तीसाठी ते सोडणार कसे.

आता उशीर. विमा नियामकानं, म्हणजे इर्डानं, २० सप्टेंबर २०११ लाच सगळ्या कंपन्यांना सांगितलंय की उशिरा कळवलं एवढ्याच कारणावर खरा क्लेम यंत्रासारखा फेटाळायचा नाही, उशीर का झाला ते बघायचं. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये ओमप्रकाशच्या केसमध्ये, ती गाडीचोरीची होती, हेच उचलून धरलं. तुमचं कारण तर उघड आहे, घर पाण्यात, माणसं शाळेत, आणि पॉलिसीचा कागद बँकेनं कधी हातात दिलाच नाही. हे तिन्ही तारखांसकट लिहा. बँकेनं पॉलिसी कधी दिली याचं बँकेकडनं लेखी मिळालं तर फारच उत्तम, देणार नाहीत सहजासहजी, पण अर्ज करून पोच तर ठेवा.

बिलांचं म्हणाल तर जून २०२४ च्या परिपत्रकात इर्डानं सांगितलंय की कागदपत्रं नाहीत म्हणून क्लेम नाकारता येणार नाही, क्लेमला खरोखर लागतील तेवढेच कागद मागायचे. म्हणजे काहीच न देता पैसे मिळतील असं नाही हां. बिलाच्या जागी दुसरं काहीतरी उभं करायला लागेल. खोलीखोलीची यादी करा, वस्तू, कोणत्या साली घेतली, अंदाजे किंमत. फ्रिज हप्त्यावर घेतला असेल तर फायनान्स कंपनीचं स्टेटमेंट निघतं. पोरीच्या लग्नातल्या व्हिडिओत दिवाण, कपाट, टीव्ही सगळं दिसत असतं. पूर येऊन गेल्याचा पंचनामा तलाठ्याकडं झालाय, त्याची नक्कल तहसीलमधनं घ्या, टाळाटाळ केली तर माहिती अधिकारात मागा. आणि भिंतीवर पाण्याची जी मातकट रेघ राहिलीय ती अजून पुसली नसेल तर तिच्याशेजारी टेप धरून फोटो काढा, रंगकाम त्याच्यानंतर.

इलेक्ट्रिकच्या सामानाचा एक बारकावा आहे आणि तो कुणी सांगत नाही. शॉर्टसर्किटनं त्याच वस्तूचं झालेलं नुकसान पॉलिसीत वगळलेलं असतं. पाणी ओसरल्यावर माणूस फ्रिजचं बटण दाबून बघतोच, तो जळतो, मग सर्व्हेयर लिहितो 'शॉर्टसर्किट'. म्हणून मेकॅनिककडनं कागद घेताना 'मोटार जळली' एवढंच लिहून घेऊ नका, काँप्रेसरमध्ये, वायरिंगमध्ये गाळ नि पाणी शिरलेलं आढळलं असं जे त्यानं प्रत्यक्ष बघितलं ते लिहायला सांगा. खोटं काही लिहायला लावू नका, गाळ असतोच तिथं.

रोख रक्कम, सातबारा-दाखले असले कागद यात येत नाहीत, सोनं वेगळं लिहून घेतलेलं असेल तरच येतं. मोटारसायकल तिच्या स्वतःच्या पॉलिसीत बघायची. आणि सरकारची मदत मिळाली म्हणून हा क्लेम बाद होत नाही, कुणी तसं सांगितलं तर लेखी मागा.

प्रश्न: अशोक चौकाजवळ आमचं घर आहे, खाली चार माग आणि वर आम्ही राहतो. पावसाचं पाणी खाली शिरून सुताची पोती आणि तयार चादरी भिजल्या. घराची पॉलिसी होती तरी क्लेम दिला नाही, कमर्शियल म्हणून. घर तर आमचंच आहे की.

उत्तर: घर तुमचंच आहे पण माल धंद्याचा आहे. घराच्या पॉलिसीत राहत्या घराचं सामान येतं. माग, सूत, चादरी, टॉवेल हे त्यात बसत नाहीत, याच्यात कंपनीला दोष देता येत नाही, दोष असेल तर त्या एजंटाला ज्यानं खालचे माग बघून पण घराचीच पॉलिसी फाडली. पूर्व भागात असं घरोघरी आहे.

आत्ता एवढं करा, खालच्या मजल्यावर घरगुती काही होतं का, पाण्याची मोटार, इन्व्हर्टर, जिन्याखालचं कपाट, त्याची वेगळी यादी करून तेवढ्यापुरता फेरविचाराचा अर्ज द्या. मिळेलच असं नाही, कारण घराचा वापर फक्त राहण्यासाठी नाही हा मुद्दा ते घेतील. पुढच्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' घ्या, एका जागेची एकूण मालमत्ता ५ कोटीपर्यंत असली तर ती चालते, माग, कच्चा माल, तयार माल सगळं त्यात लिहून घेता येतं. वरच्या घराची पॉलिसी वेगळी, आणि दोन्ही प्रपोजल फॉर्मवर 'खाली माग, वर घर' हे स्वच्छ लिहा. दोन पैसे वाचवायला लपवलं की क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं.

प्रश्न: पाइप फुटून नुकसान झालं, २ लाख १० हजाराचा क्लेम, कंपनी १ लाख ४० हजार देते म्हणते. कारण काय तर घराचा विमा १२ लाखाचा, सर्व्हेयरच्या मते बांधायला १८ लाख लागतील, म्हणून तीनातले दोन हिस्सेच. आणि 'फुल अँड फायनल' म्हणून सही मागतायत. सही केली तर संपलं का?

उत्तर: पॉलिसीवर 'भारत गृह रक्षा' लिहिलंय का ते बघून मग पुढचं वाचा.

लिहिलं असेल तर ही कपातच चुकीची. कमी रकमेचा विमा म्हणून प्रमाणात कापायची पद्धत जुन्या फायर पॉलिसीतली आहे, गृह रक्षामध्ये ती मुद्दाम काढून टाकलीय. विम्याच्या रकमेच्या आत नुकसान असेल तर ते पूर्ण धरायचं, अट एवढीच की फॉर्ममध्ये कार्पेट एरिया वगैरे खरं सांगितलेलं पाहिजे. तुमचं नुकसान १२ लाखाच्या पुष्कळ आत आहे. सर्व्हेयर जुन्या सवयीनं कापून मोकळा होतो आणि ऑफिसमध्ये कुणी बघत नाही, हे मी आतनं बघितलंय. त्या अंडरइन्शुरन्स वेव्हरचं कलम दाखवून एक ईमेल करा, बरेचदा एवढ्यावरच काम होतं. आणि सर्व्हेयरचा रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, २००९ मध्ये प्रदीप कुमारच्या निकालात सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय की तो महत्त्वाचा असला तरी शेवटचा शब्द नाही.

सहीचं म्हणाल तर पैशाची निकड असेल तर घ्या, पण सहीच्या आधी ईमेलनं कळवा की ही रक्कम मान्य नाही, हरकत राखून घेतोय, उरलेल्यासाठी तक्रार करणार. सहीशेजारी पण तसं लिहा. कोर्टानं १९९९ पासून सांगितलंय की दबावानं किंवा फसवून घेतलेली पावती ग्राहकाचा हक्क संपवत नाही, पण दबाव होता हे तुम्हाला दाखवायला लागतं. सही करून सहा महिने गप्प बसलात तर कोण ऐकणार.

प्रश्न: कंपनीकडनं दोनदा नकार आला. लोकपाल म्हणजे नेमकं कुठं जायचं? का सरळ ग्राहक मंचात? वकील परवडणार नाही.

उत्तर: आधी लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निवाडा देणारा अधिकारी, माझं तरी मत हेच. सोलापूरला विमा लोकपालाचं पुण्याचं ऑफिस लागतं, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर. तिथं जायलाच पाहिजे असं नाही, तक्रार ऑनलाइन टाकता येते आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखापर्यंतचे क्लेम चालतात. आधी कंपनीकडं लेखी तक्रार केलेली हवी आणि ती फेटाळलेली किंवा महिनाभर उत्तर नाही असं हवं, आणि शेवटच्या नकारापासून वर्षाच्या आत जायला पाहिजे. लोकपालानं दिलेला निवाडा कंपनीला बांधील असतो, ३० दिवसांत पाळला नाही तर इर्डाच्या २०२४ च्या नियमानुसार दिवसाला ५ हजार रुपये तुम्हाला द्यायला लागतात. तुम्हाला मात्र तो बांधील नाही, पटला नाही तर पुढं ग्राहक आयोगात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक मंचात, जाऊ शकता.

ग्राहक आयोग सोलापुरातच आहे, तुम्ही जिथं राहता तिथंच तक्रार करता येते. त्याला २ वर्षांची मुदत. फी तुम्ही भरलेल्या हप्त्यावर ठरते, क्लेमवर नाही, आणि ५ लाखापर्यंत फी शून्य, घराच्या विम्याचा हप्ता किती असतो ते तुम्हाला माहितीच आहे. तारखा मात्र पडतात. दोन्हीकडं एकाच वेळी जाता येत नाही, आयोगात केस चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत. आणि लोकपालाकडं वेळ गेला म्हणून आयोगाची दोन वर्षं आपोआप थांबतील असं धरू नका, कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

प्रश्न: बाळ्यात आमचं नवीन घर आहे, दोन वर्षांतच भिंतींना तडे गेलेत. पावसाळ्यानंतर वाढले. पाण्यामुळंच झालेत ना? क्लेम होईल?

उत्तर: आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाया तेवढा खोल किंवा नीट नसेल तर भिंत तडकते. जमीन खचण्याचं कलम पॉलिसीत आहे पण नवीन बांधकाम नेहमीसारखं बसणं, भरावाची जमीन दबणं, आणि डिझाइन किंवा कामातला दोष हे त्यात स्पष्ट वगळलंय. क्लेममध्ये वेळ घालवू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि बिल्डरकडनं घेतलं असेल तर त्याला धरा, रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषाची ५ वर्षं जबाबदारी त्याची असते.

प्रश्न: पाण्याचाच क्लेम नाकारला गेलाय. एकजण म्हणतो मी 'वरनं' पास करून देतो, मिळालेल्यातले तीस टक्के माझे. आधार, पॅन आणि एक सही केलेला चेक मागतोय. द्यायचं का?

उत्तर: नाही द्यायचं. तो तेच करणार जे तुम्ही फुकटात करू शकता, म्हणजे इर्डाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकणार. टोल फ्री नंबर १५५२५५, पॉलिसी नंबर, क्लेम नंबर आणि नकाराचं पत्र समोर ठेवून फोन करा. आणि चेक देऊन बसला असाल तर आजच बँकेत जाऊन स्टॉप पेमेंट करा.